वाचून चालवायची गाडी

सुखदेवकाकांची गाडी चालवण्याआधी वाचावी लागते. गाडीवरच लिहिलंय सगळं. पिवळ्या ऑइलपेंटनं, बोटभर जाडीच्या अक्षरांत, बोनेटच्या आत, दारांवर, छताच्या खालून, सीटखाली. छताचं वाचायचं तर उताणं झोपावं लागतं. मी एकदा वाचता वाचता तिथंच झोपी गेलो आणि संध्याकाळच्या चहालाच उठलो, यावरून मजकुराची लांबी समजून घ्या.

मूर्तिजापुरात काका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. आयुष्यभर त्यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवल्या. मग एक दिवस मनात आलं, दुसऱ्याच्या गाडीमागं ओढायचं सामान किती दिवस बनवायचं? आणि त्यांनी स्वतःची मोटार बांधली. इंजिन एका जुन्या जीपचं. खुर्च्या बंद पडलेल्या टॉकीजमधल्या, त्याही बाल्कनीच्या. बोनेट कूलरच्या पत्र्याचं, आणि मागच्या खिडकीत वाळ्याची ताटी. चैत्रात अख्खं वऱ्हाड भाजून निघतं तेव्हा ह्या गाडीत बसलेला माणूस स्वेटर मागतो. मागितलेला मी स्वतः पाहिलाय. बरं, तो मीच होतो.

गाडीचं नाव मैना. तिचा आवाज बडनेऱ्यापर्यंत जातो, आणि वारा बरोबर असला तर तिथून परतही येतो.

हे लिखाण कोणासाठी? तर पुढच्या मालकासाठी. हा पुढचा मालक कोण, कुठला, जन्मला तरी आहे का, कोणालाच माहीत नव्हतं. पण काका त्याच्याविषयी असे बोलायचे, जसा काही तो आत्ताच पान खायला कोपऱ्यावर गेलाय. "पुढच्या मालकाले काय समजन?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. "मी हाओ तवरक ठीक हाय. मी नसलो त तो बिचारा कोनाले विचारन?"

दारावर लिहिलंय: 'हे दार बाहेरून उघडत नाई. आतून बी नाई. खिडकीतून हात घाल, वरतं उचल, मंग कमरेनं धक्का दे. शिव्या देऊ नको. तिले समजते.'

काट्याच्या बाजूला: 'हा काटा चाळीसच्या पुढे जात नाई. गाडी जाते.'

ब्रेकपाशी: 'ब्रेक लागते, पन विचार करून लागते. गाय दिसली की दाबजो. गाय आली की नाई.'

आणि पाण्याच्या टाकीवर: 'एंजिन तापलं त पानी पयले तिले, मंग तुले.'

वाचताना आपोआप गाडीभोवती चकरा होतात, कारण प्रत्येक मजकूर 'पुढचं डाव्या दाराच्या मांगं' असा संपतो. बाजारातल्या एका म्हातारीनं मला असं फिरताना पाहिलं. तीही चप्पल काढून माझ्या मागोमाग प्रदक्षिणा घालू लागली, आणि शेवटी बोनेटला कुंकू लावून गेली. काकांनी ते पुसलं नाही. खाली लिहून ठेवलं: 'हे कुंकू हाय. गंज समजून खरडू नको.'

ह्या सवयीतून घरही सुटलं नाही. नळावर लिहिलेलं, कूलरवर लिहिलेलं, जिन्याच्या पायरीवर लिहिलेलं. शेवटी विमलकाकू वैतागल्या.

"माह्या पाठीवर बी लिहा काई तरी," त्या म्हणाल्या. "पुढच्या मालकाले कामी पडन!"

"तुह्या वक्ती कोनी लिहून ठेवलं नोयतं," काका ब्रश धूत म्हणाले, "म्हून त मी हे सारं करून राहिलो."

त्या रात्री काका आमच्याकडे जेवले.

मागच्या वर्षी अमरावतीच्या डोळ्यांच्या डॉक्टरनं काकांना गाडी चालवायला बंदी केली. बातमी ऐकून त्यांची मुलगी सीमा तेल्हाऱ्याहून आली. तिथं शाळेत शिकवते. बोलते बापासारखी, ऐकते कोणाचंच नाही.

"बाबा, मैना माह्याच्यानं चालली त मी नेईन," ती म्हणाली. "नाई चालली त भंगारवाल्याले बलवा. दारात सडताना मले पाहवणार नाई."

काकांचा चेहरा पत्र्यासारखा झाला. मग एकदम उजळला. पुढचा मालक दारात येऊन उभा होता, आणि त्यानं साडी नेसली होती!

"चालव," ते म्हणाले. "अकोल्यापावतर. मी मांगं बसतो. मी येक शबद बोललो त माहं लिखान फेल, न्या भंगारात."

आणि त्यांनी दुपट्ट्यानं स्वतःचं तोंड बांधून घेतलं. ज्या माणसाला मी झोपेतसुद्धा गप्प पाहिलं नाही, त्याचं तोंड बांधलेलं! गल्ली गोळा झाली. काकूंनी तर ओवाळायचंच बाकी ठेवलं.

सीमा चालवायला, मी शेजारी वाचायला. दार कमरेच्या धक्क्यानं उघडलं. काट्यानं चाळीसवर मान टाकली, गाडी पुढे गेली. बोरगावच्या अलीकडे म्हशी दिसल्या, तिनं तेव्हाच ब्रेक दाबला, आणि मैना विचार करकरून शेवटच्या म्हशीच्या शेपटीपाशी थांबली. थांबली ती बंदच पडली. मागं ट्रकांची रांग लागली. हॉर्न असे वाजले की म्हशींनीही कान पाडले.

"दादा, वाचा लवकर!"

"कुठं वाचू?"

मागच्या सीटवर काका तडफडत होते. हात वर, खाली, दुपट्टा फुगतोय, डोळे बाहेर. पण शब्द नाही. मी मान वर केली तर छतावर होतं: 'भर रस्त्यात बंद पडली त घाबरू नको. सीटखाली पंप हाय. बुटाच्या टाचेनं हलके टोले दे. घरच्या मानसाले उठवते तसे.'

सीमानं चप्पल काढली, टोले दिले, किल्ली फिरवली. मैना बोलली! असा आवाज केला की मागचे ट्रकवाले हॉर्न विसरले.

अकोल्यात चहाच्या टपरीपाशी काकांनी दुपट्टा सोडला आणि साठवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "वाचून चालली! माह्या पोरीनं वाचून आनली! मी हूं का चूं केलं नाई, विचारा ह्याले!" टपरीवाल्याला, गिऱ्हाइकांना, एका पोलिसालाही त्यांनी गाडीभोवती फिरवलं. वऱ्हाडात असा अभिमानी माणूस त्या दिवशी दुसरा नव्हता, आणि मी तर दुसरा नंबर माझाच धरतो.

"बाबा, मानलं तुमाले," सीमा हसत म्हणाली. "आता तुमाले काईच विचारायची गरज नाई."

"हौ ना," काका म्हणाले आणि सगळ्यांत मोठ्यानं हसले.

ती बिस्किटं आणायला गेली. मी चहा संपवून वळलो तर बोनेट उघडं. काका पेट्रोलचा बोळा घेऊन आत वाकलेले, एक ओळ पुसत होते.

"काका! काहून पुसून राहिले?"

"हिवाळ्यात सकाळी ही सुरू होत नाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "येक युक्ती हाय."

"आणि पोरीला शाळेला उशीर झाला म्हणजे?"

"फोन करन ना मले. नाई त तिचा फोन येते तो तिच्या मायले येते."

"मग सांगाल ना युक्ती?"

"त्याच्यासाठीच त पुसून राहिलो." त्यांनी शेवटचं अक्षर घासून काढलं. "सांगीन. रोज सकाळी सांगीन. पन ध्यानात राहीन अशी नाई सांगनार."