डिरेक्टरी सर्व्हरची बारा मिनिटं

श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात सोमवारी सकाळी एक परिपत्रक आलं. कारखान्याच्या डिरेक्टरी सर्व्हरमध्ये सुरक्षेची फट सापडली आहे, ती सात दिवसांत बुजवावी, असं त्यात म्हटलं होतं. डिरेक्टरी सर्व्हर म्हणजे कारखान्यात कोण कोण आहे आणि कोणाला कोणती फाईल उघडू द्यायची, हे लक्षात ठेवणारं यंत्र. फट अशी, की बाहेरचा कोणीही पासवर्ड न देता 'मी चेअरमन' म्हणाला, तर यंत्र त्याला चेअरमन समजून आत घ्यायचं. उपाय सोपा होता. सर्व्हर बारा मिनिटं बंद करायचा, पॅच म्हणजे दुरुस्तीचं ठिगळ बसवायचं, पुन्हा चालू करायचा.

अट एकच. त्याआधी नोकरी सोडलेल्यांची आणि वारलेल्यांची नावं काढून टाकायची.

संगणक विभागाचे रंगनाथ दरेकर यांनी यादी काढली. एक्केचाळीस नावं निघाली. चाळीस नावं त्यांनी चहा गार व्हायच्या आत पुसली. एक्केचाळिसावं होतं रोहिणी रंगनाथ दरेकर, ऊस नोंदणी विभाग. ही रंगनाथांची बायको; ती जाऊन चौदा महिने झाले होते. रोज सकाळी यंत्र सुरू केलं की ते नाव पडद्यावर यायचं, आणि मगच रंगनाथ कामाला लागायचे. त्यांनी कळीवर बोट ठेवलं, उचललं, आणि 'या एका नावास वरिष्ठांची मंजुरी मिळावी' अशी टिपणी लिहून फाईल वर पाठवली.

फाईल वर गेली आणि बारा मिनिटांचं काम अडकलं ते अडकलंच.

"बंद?" कार्यकारी संचालक अमृत साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "ऐन गळितात बंद?"

"साहेब, सर्व्हर बंद होईल. उसाची गव्हाण चालूच राहील."

"तरी पण दरेकर, बंद हा शब्द वाईट. समिती नेमू."

नऊ जणांची समिती नेमली गेली. समितीने पहिल्याच बैठकीत तातडीचा उपाय केला. सर्व्हरच्या खोलीला कुलूप लावलं आणि दाराशी कानिफनाथ वॉचमनला काठी आणि रजिस्टर देऊन बसवलं. फटीतून जो कोणी आत येईल, त्याची नाव-गाव-वेळेसह नोंद घ्यायची.

"तात्या, त्यो येतो कुडून?" कानिफनाथने रंगनाथांना विचारलं.

"वायरीतून."

"मंग मला दारात कशाला बशिवलंय?"

"वायरीत खुर्ची मावत नाही."

"व्हय, ते बी खरंच हाय." कानिफनाथने रजिस्टर उघडलं आणि लिहिलं : आज कोणी आले नाही. एक मांजर आले, त्याला हाकलले.

दुसऱ्या बैठकीत 'सुरक्षा पंधरवडा' ठरला, आणि पंधरवडा म्हटल्यावर फ्लेक्स आलाच. एसटी स्टँडसमोर वीस बाय तीसचा फ्लेक्स लागला : 'आपल्या कारखान्याचा सर्व्हर सध्या कोणालाही उघडता येतो. तरी सर्वांनी सावध राहावे.' खाली बत्तीस शुभेच्छुकांचे फोटो. त्यात पांडुरंग शिंदे नावाचे दोघे निघाले. गोंधळ नको म्हणून प्रत्येकाच्या फोटोखाली त्याचं लॉगिनचं नावही छापलं.

शुक्रवारी चेअरमन तिरुपतीला दर्शनाच्या रांगेत होते. त्याच वेळी चेअरमनच्याच नावाने कोणीतरी सर्व्हरमध्ये शिरलं आणि तीन वर्षं अडकलेल्या सतरा फाईली तासाभरात मंजूर करून गेलं. त्यात बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दुरुस्तीचीही होती.

"साहेब, हा बाहेरचा माणूस आहे," रंगनाथ म्हणाले.

"वाटलंच मला," अमृत साहेब म्हणाले. "पण दरेकर, कामाचा आहे. आता घाई नको."

घाई मात्र परिपत्रकाची होती. म्हणून सहाव्या दिवशी एक्केचाळिसाव्या नावाचा विषय आस्थापना विभागाच्या राजेश्वरी मॅडमकडे गेला.

"मृत्यूचा दाखला लागेल."

"तुमच्याच हातात दिलाय, मॅडम."

"तो कपाटात आहे. संगणकात चढला पाहिजे."

"मग चढवा."

"पॅच बसल्याशिवाय नवा कागद चढवायचा नाही, समितीचा आदेश आहे."

"आणि पॅच?"

"दाखला चढल्याशिवाय नाही."

रंगनाथांनी फाईल मिटली. "मॅडम, तुम्ही दहाव्याला आला होतात."

"आले होते ना. कावळा शिवायला किती वेळ लागला, तेसुद्धा आठवतंय." मॅडमचा आवाज खरोखर जड झाला. "पण ते घरगुती नात्यानं, भाऊ. कार्यालयात तशी नोंद नाही."

शेवटी नियम सापडला : खातं बंद करायला खातेदाराचाच अर्ज लागतो. रोहिणी दरेकर यांना सर्व समितीसमोर ईमेलने नोटीस गेली. 'आपण हयात नसल्याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा.'

तीन सेकंदांत उत्तर आलं. कारखान्याच्या इतिहासात एवढ्या लवकर कोणीच कोणाला उत्तर दिलं नव्हतं.

'मी उपचारासाठी रजेवर आहे. आल्यावर उत्तर देईन. तोवर काही अडल्यास रंगनाथ दरेकर यांना विचारावे.'

नगरच्या दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी तिनं हे स्वतः टाईप केलं होतं. रंगनाथ मागे उभे होते. "नावापुढं साहेब लावू का?" म्हणून ती हसली होती. यंत्र तेव्हापासून इमानेइतबारे तेच उत्तर पाठवत होतं.

"म्हणजे हयात धरायचं?" समितीतल्या कोणीतरी विचारलं.

"हयात म्हणता येत नाही," राजेश्वरी मॅडम म्हणाल्या. "रजेवर म्हणता येतं."

अमृत साहेबांनी ते उत्तर पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. "अहो, यात सगळे अधिकार दरेकरांना दिलेत! 'दरेकर यांना विचारावे.' झालं तर मग. विचारतो. दरेकर, काढायचं का नाव?"

नऊ पेनांची टोपणं निघाली. दाखला नको, अर्ज नको, पुढची बैठक नको. रंगनाथांनी फक्त हो म्हणायचं होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, आणि ते पडद्यावरच्या तीन ओळींकडे.

"साहेब," ते म्हणाले, "गळीत संपू द्या. मग बघू."

"मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो!" अमृत साहेबांनी टेबलावर थाप मारली. विषय एकमताने तहकूब झाला. भजी आली.

तो सर्व्हर अजून उघडाच आहे. या लोकांना हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त त्याआधी स्वतःचा मोबाईल काढा. त्यात सुरक्षेची एक दुरुस्ती असेल, जिला तुम्ही महिनाभर रोज 'नंतर' म्हणताय. आणि एक नंबर असेल, जो आता कोणीच उचलणार नाही. दोन्हींचा निकाल आत्ताच लावून टाका.

आम्ही थांबलोय.