दम हाय अजून त्याच्यात

वाघमारे काका कॉम्प्युटरचा ताप हाताच्या मागच्या बाजूनं पाहतात, आजारी लेकराचा पाहावा तसा. पडद्यावर आकडा दिसत असतो, पण त्यावर त्यांचा विश्वास नाही. "आकडा सरकारी असतो," म्हणतात. स्वतः तीस वर्षं सरकारी कचेरीत टंकलेखक होते, म्हणजे अनुभवाचे बोल.

नांदेडात आमच्या बुद्धविहाराच्या वाचनालयात माझ्यासारख्या स्पर्धा परीक्षा देणाऱ्या पोरांसाठी एक जुना कॉम्प्युटर आहे. वाचनालय सकाळी सातला काकाच उघडतात. चावी सदऱ्याच्या खिशात, वर सेफ्टी पिन. कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसरला जास्त पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. काका त्यातले उस्ताद. वेग एक टप्पा वाढवायचा, ताप पाहायचा, वहीत लिहायचं. मशीन तापून बंद पडलं की झाकण काढायचं, प्रोसेसरला उष्णता ओढून घेणारं नवं मलम लावायचं अन् म्हणायचं, "दम हाय अजून त्याच्यात."

मला काका म्हणजे 'वापरा आणि फेका' संस्कृतीविरुद्ध लढणारे एकांडे शिलेदार वाटायचे. तसं पत्रकही मी लिहिलं. काकांनी त्यात तीन चुका काढल्या. "क्रांतिकारी, भांडवलशाही नंतर पाड. आधी हे नीट टाईप करू."

मे महिन्यात विहाराच्या समितीनं ठरवलं: कॉम्प्युटर भंगारात, वाचनालयाच्या खोलीत मंडपाचं सामान. मी निषेधाचं पत्रक काढणारच होतो, पण काका समितीपुढं हात जोडून उभे राहिले. त्यांना हात जोडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. "तासाभराची ऑनलाइन सराव परीक्षा घ्या. चालला तर वाचनालय राहू द्या, मधी अटकला तर मीच त्याला भंगारात नेऊन घालतो."

रविवारी समिती जमली. काकांनी वहीतला सगळ्यात वरचा टप्पा लावला आणि खोलीतला एकुलता एक कूलर, ओल लागू नये म्हणून पाणी न घालता, कॉम्प्युटरकडं वळवला. अध्यक्ष घामानं निथळत ओरडले, "काका, माणसं शिजून राहिली अन् तुम्ही डब्याला वारा घालून राहिलात!"

"परीक्षा तुमची न्हाई अध्यक्ष, त्याची हाय."

परीक्षेला मीच बसलो. चाळिसाव्या मिनिटाला पडदा गोठला. काकांचा हात डब्यावर. मी देव मानत नाही, म्हणून नुसताच श्वास रोखून बसलो. मग पुढचा प्रश्न उमटला. तास संपला. कॉम्प्युटर पास झाला, मी नापास. "राहू द्या मग वाचनालय," असं म्हणून अध्यक्ष तडक कूलरपुढं जाऊन उभे राहिले.

सगळे गेल्यावर काकांनी वेग चार टप्पे खाली उतरवला.

"आता कशाला? जिंकलो ना आपण!"

"म्हाताऱ्याला रोज इतकं पळवायचं नसतं रे. आज इज्जतीचा सवाल होता."

कुलूप लावून झाल्यावर ते घुटमळले. पिन हातात, चावी माझ्यापुढं धरलेली. "म्हातारा तर मीबी झालो. ही समितीकडं द्यायची, का... माझ्याकडंच ठिवू?"

मी चावी त्यांच्या खिशात घातली. पिन लावताना त्यांच्या काळजाचे ठोके हाताला लागत होते, पार वरच्या टप्प्यावरचे.

"उद्या सातला या, काका."

"सातला कशाला?" ते म्हणाले. "मी तर पाचलाच तयार असतो."