चुन्याचा गोल आणि नऊ दिवसांचा टँकर

"उडवता येतं, मग शिकवायला काय लागतं!" अशा तोऱ्यात कॅप्टन सुग्रीव हेलिकॉप्टरच्या मास्तरांच्या कोर्सला गेला आणि पहिल्याच परीक्षेत आपटला. शिकाऊचा हात जरा हलला, की हा हेलिकॉप्टर वळवायचा दांडाच हिसकून घ्यायचा! "पुन्हा असं केलंत तर कायमचे घरी," असं ऐकून तो शिरूर कासारजवळच्या आपल्या गावी सुट्टीवर आला. ते दुष्काळाचं साल आठवलं की आजही सुग्रीवराव हसता हसता हळवे होतात.

सराव कुणावर करायचा? आईवर! तीस हंगाम ऊस तोडलेल्या कौशल्याबाई रानात स्टुलावर बसल्या, हातात हेलिकॉप्टरचा म्हणून कुऱ्हाडीचा दांडा. समोर उतरायची जागा म्हणून सुग्रीवनं चुन्याचा गोल आखला, मधोमध मोठा एच.

"आई, हळू वढ."

"वढते की! पर तू कावून धरलास? सोड!"

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव बांधावरून गेले. चुन्याचा गोल म्हणजे मंत्री येणार! आणि मंत्र्यावर धूळ उडू नये म्हणून जागा आधी भिजवायची, ही तर तालुक्याची रीतच. नऊ दिवस गावाला न दिसलेला टँकर अर्ध्या तासात रानात हजर! मागं हंडे घेऊन सगळं गाव.

"चेअरमन, मंत्री न्हाई, माझी आई हाय!" सुग्रीव ओरडला.

"आता आलाच हाय तर पानी आमाला द्या!" हंडेवाल्यांत सगळ्यांत पुढं असलेल्या छबुबाई गरजल्या. अर्जुनराव वरमले. टँकर लिंबाखाली नेऊन पाणी वाटायचं ठरलं.

ड्रायव्हर सटवा अगदी नवखा. सुग्रीव टुणकन शेजारी चढला. खराखुरा शिकाऊ मिळाला की!

"भिऊ नगंस, मी हाय!"

सटवानं चाक जरा डावीकडं घेतलं मात्र, सुग्रीवनं चाक हिसकलंच! टँकर चारीत कलंडला, झाकण उडालं, पाणी धो धो! बायकांनी धावून चार-दोन हंडे भरले. बाकीचं मातीनं पिऊन टाकलं. छबुबाई रिकामा हंडा पालथा घालून त्यावर बसून राहिल्या. सुग्रीवला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ते पोरगं नेत हुतं की बरूबर," कौशल्याबाई म्हणाल्या. "तुला दम कावून न्हाई रं?"

पुढच्या परीक्षेत शिकाऊनं हेलिकॉप्टर पाळण्यासारखं झुलवलं. सुग्रीवच्या डोळ्यांपुढं छबुबाई! घामाघूम झाला, पण नुसता तोंडानं सांगत राहिला. पास!

धावतच तो घरी आला. "आई, म्या आता शिकवनारा मास्तर झालो!"

कौशल्याबाईंचा चेहरा उतरला. पोराच्या पाठीवरून हात फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी, हेलिकॉप्टर काढून घेतलं व्हय रं तुज्याकडनं?"