लाल मातीचे सात फगे

सत्तामने ठरवलं ते तसं साधंच होतं. हफरच्या बाजारातून सात फगे, म्हणजे वाळवंटात जमिनीखाली धरणारी बटाट्यासारखी अळंबी, आणायचे आणि सकाळी सगळे कॉफीत गुंतले की गुपचूप वाळूत पुरायचे. सातच. कमी पुरले तर फगे शोधत फिरणाऱ्या काकांच्या काठीला लागणार नाहीत, आणि जास्त पुरले तर बाजार भरल्यासारखं दिसेल.

ही वेळ त्याने स्वतःच ओढवून घेतली होती. दोन हिवाळ्यांपूर्वी तो मेलबर्नहून मातीची पदवी घेऊन परतला, सख्ख्या काकांच्या मुलीशी, मुनीराशी, लग्न केलं, आणि तिसऱ्याच दिवशी काकांच्या हिवाळी तंबूमागे उभा राहून भाषण ठोकलं. गाड्यांच्या चाकांनी जमीन दगड झाली आहे, रुगरुगची झुडपं मेली आहेत, आणि झुडूप नाही तर त्याच्या मुळाशी धरणारा फगाही नाही. हा तुकडा दोन वर्षं मोकळा सोडा, फगा परत येईल. (श्रोते चार माणसं आणि एक उंटीण. शेवटपर्यंत थांबली ती उंटीण.)

मुनीराचा भाऊ दुहैम याच तुकड्यावर चारचाकी मोटारबग्गी उडवायचा. काकांनी निवाडा दिला, "दोन वर्षं थांबू. फगा निघाला तर तुकडा सत्तामचा. नाही निघाला तर दुहैमच्या चाकांचा."

ती मुदत आज संपत होती. रुगरुग तर गुडघाभर झालं होतं, पण आठ दिवस यंत्र घेऊन खपूनही सत्तामला सुपारीएवढा फगा दिसला नव्हता. श्रद्धा मात्र जराही ढळली नव्हती. पुढच्या वर्षी फगा निघणार म्हणजे निघणारच. तेव्हा आपण खोटं बोलत नसून खरं तेच थोडं आधी सांगतो आहोत, अशी त्याने स्वतःची पक्की समजूत घातली.

फगे त्याने धुतले नाहीत. धुतलेला फगा वाळूतून निघाला तर शेंबडं पोरही हसेल. स्वयंपाकाच्या पेटीतला चमचा घेतला आणि झुडपाझुडपापाशी दोन बोटं खोल एकेक फगा निजवला. सातव्या जागी तर जमीन आयतीच फुगून भेगाळलेली होती, खणायला लोण्यासारखी. नशीब साथ देतंय, असं त्याला वाटलं.

तंबूत परतला तर मुनीरा दारातच.

"गुडघ्यांना वाळू कसली?"

"व्यायाम करत होतो."

"चमचा घेऊन?"

सत्तामने खिशातून डोकावणारा चमचा आत ढकलला. मुनीरा त्या खिशाकडे बघून हसली. तिचं हे हसणं तो लग्नापासून ओळखून होता, आणि त्यात बरं असं कधीच काही निघालं नव्हतं.

ऊन वर आलं तसे सगळे निघाले. पुढे काका, हातात वाकडी काठी, मागे दुहैम, बोटात किल्ली फिरवत. दहाव्या पावलाला काकांनी काठी टेकवली आणि पहिला फगा वर आला.

"बघा," सत्ताम म्हणाला. आवाजात पदवी होती.

काकांनी फगा अंगठ्याने चोळला, हुंगला, आणि टोपलीत टाकला. दुसरा, तिसरा, सहावा. दुहैमची किल्ली फिरायची थांबली.

सातव्यापाशी काका उकिडवे बसले. "ही भेग पाहिलीस?"

"हो काका. खाली फगा असला की जमीन अशी वर उचलली जाते. मी भाषणात सांगितलं होतं," सत्ताम म्हणाला, आणि बोलता बोलताच त्याला आठवलं, ही भेग सकाळी त्याच्या आधीपासून इथे होती.

काकांनी वरचा फगा उचलला. मग वीतभर खाली हात घातला आणि मुठीएवढा दुसरा काढला. दोन्ही तळहातांवर ठेवले. एकाला लागलेली माती विटेसारखी लाल, दुसऱ्याला पायाखालची, पांढरट.

"इथे लाल माती कुठे आहे रे, माती शिकलेल्या?"

सत्ताम खाली बघत राहिला. खालीही पांढरंच होतं.

"हे सात बाजारातले, परदेशातून विमानाने आलेत," काका म्हणाले. "आणि हा आपला." मग त्यांनी आसपासच्या भेगा काठीने दाखवल्या. दुपारपर्यंत आपले असे अकरा निघाले. आठ दिवस सत्ताम जमिनीखालचं हुडकायचं यंत्र फिरवत होता. भेगांकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

शेवटचा काढून काका उठले. "दुहैम, किल्ली खिशात घाल. इथे चाक फिरवायचं नाही, यंदाही नाही आणि पुढेही नाही."

सत्तामला भरून आलं. अख्खं वाळवंट हिरवं करायची योजना त्याच्या ओठांवर आली होती, तेवढ्यात जेवण आलं. भाताच्या मोठ्या परातीभोवती सगळे बसले. आपले अकरा फगे तुपात परतून काकांनी स्वतः एकेकापुढे वाढले. सत्तामपुढे लाल मातीचे सात.

"काका, मला एखादा आपला..."

"तूही विमानानेच आलास की. सोबत होईल."

सत्तामने एक तोंडात घातला. करकर वाजलं. हे सात कुणी धुतलेच नव्हते.

सगळे हाताने जेवत होते. मुनीराने हळूच त्याच्या खिशातून काहीतरी काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"घे," ती म्हणाली, "तुला चमच्याची सवय आहे."