बायजाच्या भिंतीतली सहावी माशी

मुंबईच्या फोटो-प्रदर्शनातलं पहिलं बक्षीस आपलंच, असं फोटो-स्टुडिओवाल्या विश्राम सावंतने सगळ्या टेंभी नाक्याला सांगून टाकलं होतं! बाकीचे नवरा-नवरीचे फोटो पाठवणार, हा मधमाश्यांचे. तेही एकाच भिंतीतल्या!

भिंत बाळकुम गावातल्या बायजाची. मातीची आणि भोकाभोकांची. तिच्या मुलाच्या लग्नाचे फोटो काढताना विश्रामला त्या भोकांतून माश्यांची ये-जा दिसली. त्याने कॅमेऱ्याला वीतभर पुठ्ठ्याचं नळकांडं जोडलं, भिंग माशीच्या तोंडाशी नेलं आणि गारच पडला. माशी म्हणजे माशी, असं तो आजवर समजत होता. इथे एकीच्या पोटावर निळे पट्टे, दुसरी पानाचे गोल तुकडे कातरून आणणारी, तिसरीचं पोट परागांनी पिवळंधमक! दोन वर्षांत पाच जाती जमल्या. गिऱ्हाइकं दुसऱ्या स्टुडिओत जाऊ लागली, पण त्याला शुद्ध कुठे होती!

सहावी मात्र दोनदा निसटली. काळीभोर, अंगावर निळे ठिपके. प्रदर्शनाला आठवडा उरला होता आणि फोटो उमटवायची काच एकच.

"मावशी, रविवारी शेवटचा फोटो काढायला येतो. भिंतीपाशीच!" एवढं सांगून तो गेला.

रविवारी येऊन पाहतो, तर भिंत गुळगुळीत! शेणामातीने लिंपलेली, वर चुन्याची नक्षी. पुढे पाटावर बायजा, धुवट लुगडं नेसून.

"मावशी, भोकं कुठे गेली?"

"बुजवली रं बाला! दोन दिस लिंपतंय. फोटूत घराची लाज जावाला नको!"

विश्रामला ओरडावंसं वाटलं. पण फोटोवाला येणार म्हटल्यावर घर न सारवणारी बाई त्याने तरी कुठे पाहिली होती? शेवटचा फोटो कुणाचा, ते तो बोललाच नव्हता.

"म्हाताऱ्याचा फोटू नाय," बायजा म्हणाली. "नातवंडां इचारतान, आजा कसा व्हता? काय सांगू? माजा तरी राहू दे."

विश्रामने राग गिळला. नळकांडं काढून ठेवलं, काच चढवली. "हलू नका."

तेवढ्यात लिंपलेल्या भिंतीवर भोक शोधत फिरणारी एक माशी बायजाच्या कपाळावर येऊन बसली. काळीभोर, निळे ठिपके. सहावी!

नळकांडं पायाशीच होतं. लावायचं आणि जवळ जायचं, बस्स! पण मग काचेवर माशी आणि पैशाएवढं कपाळच येणार होतं. बायजा श्वास रोखून बसली होती. फोटोत हलायचं नाही, म्हणून माशीही हाकलत नव्हती.

त्याने बायजाचा फोटो काढला. सबंध. माशी उडून गेली.

तरी घरी काच धुऊन भिंगातून पाहिलं, तर कपाळावर ती होतीच! तिळाएवढी, पण ठिपक्यांसकट. हाच फोटो प्रदर्शनाला पाठवायचा, असं ठरवून त्याने तो कागदावर छापला आणि आधी बायजाला दाखवायला गेला.

"झ्याक हाय," बायजा म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "पन कपालाव कुकू कसा रं? म्हातारा जाऊन नव वर्सां झाली. पूस तो."

"मावशी, ते कुंकू नाही, माशी आहे! फार दुर्मीळ..."

"तुना ठावं, मना ठावं. गावाला काय ठावं?"

विश्राम स्टुडिओत परतला. काचेवरचे डाग बुजवायच्या, टचिंगच्या पेन्सिलीला बारीक टोक काढलं आणि काचेवर काळ्याची पांढरी होऊन उमटलेली सहावी माशी आपल्या हाताने भरून टाकली. काम इतकं सफाईदार झालं, की मग त्याची त्यालाही ती सापडेना!