राजकुमारचा उपास

राजकुमार नावाचं अस्वल दोन आठवडे थाळीला तोंड लावत नव्हतं, आणि त्याची देखभाल करणाऱ्या अमृतरावांना सगळ्या जगाचा संशय येऊ लागला होता. वांकिडीकडच्या रानात सापडलेलं ते पिल्लू त्यांनी बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आता त्या छोट्या प्राणिसंग्रहालयाच्या डॉक्टर आणि प्रमुख अशा दोन्ही खुर्च्या सांभाळणाऱ्या रूपाली मॅडमनी बजावलं होतं, "सोमवारपर्यंत खाल्लं नाही, तर हैदराबादला पाठवू." तिकडे गेलेलं जनावर परत येत नाही, हे अमृतरावांना ठाऊक होतं.

जंताचं औषध ते स्वतः नेमानं देत होते. उपाशीपोटी औषध कुणी देतं का? म्हणून आधी गूळ लावलेल्या सहा भाकरी, मग गोळी. त्यांचं काहीच चुकत नव्हतं. फाटकावरचे लक्ष्मणराव मात्र हल्ली सारखे पिंजऱ्याकडे फिरकत. माणूस विनाकारण फिरकत नाही.

सोमवारी सकाळी अमृतराव पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसले. लक्ष्मणराव आले, इकडंतिकडं पाहून त्यांनी पिशवी उघडली.

अमृतरावांनी त्यांचं मनगटच धरलं. "काय चारून राह्यले?"

"केळं हायेत. डझनभर. गोळीच्या आंधी पोटाले आधार नको?"

"मी भाकर देतो ना."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

तेवढ्यात रूपाली मॅडम आल्या. दोघांना पाहताच त्यांनी हातातला मोठा डबा पाठीमागे नेला. राजकुमार लगबगीनं जाळीशी येऊन उभा राहिला.

"मॅडम, तुमी पन?"

"शिरा आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. "आमच्याकडे रिकाम्या पोटी गोळी देत नाहीत."

वजन केलं तर राजकुमार नऊ किलोंनी वाढला होता. मॅडमनी हैदराबादचा कागद फाडला. अमृतरावांनी हात जोडले. मग मॅडमनी दुसरा कागद लिहिला. अमृतरावांची नेमणूक उद्यापासून मगरीकडे.

"शिरा तुमचा अन् बदली माही?"

"मगर आठवड्यातून एकदाच खाते, अमृतराव. तिथं लाड चालत नाहीत."

दुसऱ्या दिवशी अमृतराव हौदाच्या कठड्याशी बराच वेळ उभे होते. मगर हलत नव्हती. त्यांनी तिला शेपटीपासून तोंडापर्यंत संशयानं न्याहाळलं आणि थेट मॅडमचं ऑफिस गाठलं.

"मॅडम, तिले आजपर्यंत कोनीच पोटभर चारलेलं दिसत नाही."