काडतुसाच्या यंत्राची टोपी

"यंदा माझ्या रानकडच्या शेतात एका डुकरानं जरी तोंड घातलं ना, तर नाव बदलून ठेवीन!"

दामू वेखंडेने चहाच्या टपरीवर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला.

"मागच्या वर्सालाच बदलायला पायजे होतं," कोंडू बोलला. सगळी टपरी हसली.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या टपरीला दामूच्या घोषणा काही नव्या नव्हत्या. पण या खेपेला त्याचा जीव खरोखरच टांगणीला लागला होता. बायकोने, म्हणजे गीताबाईने, निर्वाणीचं सांगून ठेवलं होतं, "दरवर्सी आपण लावायचं न् डुकरांनी जेवायचं! यंदा पन तसंच झालं तर तो तुकडा शेखर बोलतो त्या पार्टीला देऊन टाकायचा. बस!"

शेखर हा गीताबाईचा धाकटा भाऊ. धंदा फार्महाऊसचे प्लॉट दाखवायचा. कुठलंही शेत बघितलं की त्याला त्यात आधी गेट दिसायचं आणि मग स्विमिंग पूल. दामूला मात्र त्या तुकड्यात वडील दिसायचे. एकेक दगड वेचून त्यांनी तिथला बांध घातला होता. तो विकायचा म्हटलं की दामूला घास गोड लागत नसे.

आता डुकरांना हाकलायचं कसं? तर वडलांच्या मागे पीक राखायची परवान्याची बंदूक दामूच्या नावावर झाली होती. "मारायचं नाय रे कोणाला! नुसता बार काढायचा. एक बार ऐकला ना, का डुक्कर माळशेज येईपर्यंत मागं वळून बघत नाय!"

बार काढायचा तर काडतूस हवं. वडील ती घरीच भरायचे, रीतसर परवान्याने. त्यांचं यंत्र अजून माळ्यावर पडलं होतं. टेबलाच्या कडेला आवळून बसवायचं, बाजूचा दांडा फिरवायचा, की पुढची पितळी टोपी गरगरते आणि काडतुसाच्या पुठ्ठ्याचं तोंड आत दुमडून बंद करते. दिसायला थेट शेवयांच्या यंत्राचा थोरला भाऊ! फक्त ती टोपी तडकली होती, आणि यंत्र बनवणारी कंपनी दामूच्या बारशाच्या आसपासच बंद पडली होती.

"एवढीशी तर टोपी! दोन दिवसांत आणतो," दामू म्हणाला आणि पिशवीत यंत्र घालून निघाला.

कल्याणच्या बंदुकीच्या दुकानात म्हाताऱ्या मालकाने चष्मा कपाळावर चढवला, यंत्र उलटंपालटं केलं आणि विचारलं, "भाऊ, हे विकायला आणलंत की दाखवायला?" शहापूरच्या हार्डवेअरवाल्याकडे दामूने मोठ्या आवाजात "काडतुसाच्या यंत्राची टोपी हाय का?" असं विचारलं, तर मागे उभी असलेली दोन गिऱ्हाइकं सिमेंट न घेताच निघून गेली! मालकाने हात जोडले. म्हसा गावच्या जत्रेत असलं जुनंपानं लोखंड हमखास मिळतं, पण जत्रा पौषात. डुकरं काय पौषापर्यंत उपाशी बसणार होती?

शेवटी कोणीतरी मुरबाडच्या ओमकारचं नाव सांगितलं. ओमकारचं लेथचं वर्कशॉप होतं आणि पोरगा हाताचा पक्का. पण शहापूरला चटका बसल्यामुळे दामू आता शहाणा झाला होता. काडतुसाचा त्याने उच्चारच केला नाही.

"घरगुती यंत्र हाय," तो घुटमळत बोलला. "पुढं टोपी बसवायची. फिरवली का काम व्हतं."

"समजलं काका! दिवाळी आलीच की जवळ!" ओमकार म्हणाला.

दिवाळीचा इथे काय संबंध, हे दामूला चार दिवसांनी कळलं. ओमकारने झकास चांदणीच्या आकाराची टोपी केली होती, चकलीला भरपूर काटे येतील अशी!

"चकली नाय रे! काटे नको! गोल पायजे, गोल!"

ओमकारने मान डोलावली. पुढच्या खेपेला टोपी गोल होती आणि तिला बारीक भोकं होती. शेव पाडायला!

मग मात्र दामूने स्वतःच वर्कशॉपचं शटर अर्धं खाली ओढलं आणि ओमकारच्या कानात सगळं सांगून टाकलं.

"अहो, मग आधी नाय का सांगायचं! मी आईला पन विचारून आलो, का शेवेची भोकं केवढी पाडू!" ओमकार वैतागला. पण बसल्या बैठकीला त्याने टोपी कातून दिली. हवी तशी पितळेची सळई हाताशी नव्हती म्हणून पोलादाची केली. "पितळेपेक्षा मजबूत. आता तुमचा नातू पन वापरील!"

दामू छाती काढूनच गावात शिरला. ओट्यावर टेबल मांडलं, यंत्र आवळलं. कोंडूपासून शेजारच्या सकुबाईपर्यंत सगळे जमले. दामूने शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दांडा फिरवला.

क्रीऽऽऽऽऽच!

पोलादावर पोलाद घासून असा काही आवाज निघाला की सकुबाईच्या डोक्यावरचा हंडा खाली आला! म्हैस दावं तोडून पळाली. कोंडूने दोन्ही कानांत बोटं घातली ती बराच वेळ काढलीच नाहीत.

"आवाज जाईल! तेल घातलं का जाईल!" दामू ओरडला. "फिरतंय ते बघा ना! आता उद्यापासून बार!" आणि ऐटीत तो बंदूक आणायला आत गेला.

खुंटी रिकामी होती.

"गो, बंदूक कुठं?"

गीताबाईने कपाळावर हात मारला. "अवो, मागच्या इलेक्शनला तुमीच नाय का पोलीस ठाण्यात जमा केलीत? ती परत कधी आणलीत?"

बाहेर जी हसाहस झाली ती म्हशीनेही ऐकली असेल. दुसऱ्या दिवशी दामू धावतपळत पोलीस ठाण्यात गेला, तर पुढची निवडणूक लागलेली! "निवडणुकीत बंदुका इथंच जमा. आता मतमोजणी झाल्यावर या," हवालदार म्हणाला.

दामू घरी आला तो मान खाली घालूनच. इकडे भात पिवळं पडत चाललेलं, तिकडे शेखरचा फोन, "ताई, शनिवारी संध्याकाळी पार्टी घेऊन येतो. नुसतं बघून ठेवतील." दामूला रडूच यायचं बाकी होतं.

शनिवारी दिवस कलताना त्याने यंत्र, घासपेपर आणि तेलाची बाटली पिशवीत घातली आणि शेतातला राखणीचा माळा गाठला. गावाचं हसणं चुकवून निदान टोपी तरी गुळगुळीत करावी, एवढाच बेत. यंत्र माळ्याच्या फळीला आवळलं. घासपेपर काढणार, तोच रानाच्या कडेचं भात हललं. एक डुकरीण. मागून दुसरी. मग पिल्लांची रांग! दिवस मावळायच्या आतच पंगत बसली होती.

हाताशी बंदूक नाही. दामूचं डोकंच फिरलं. "खा! माझ्या बापाचं शेत खा!" असं म्हणत त्याने रागाच्या भरात दांडा धरला आणि गरागरा फिरवला.

क्रीऽऽऽऽऽच! क्रीऽऽऽऽऽच!

डुकरं जागच्या जागी उडाली आणि वाट फुटेल तिकडे सुटली! त्यातली निम्मी बांधावर चढली. आणि बांधावर, पांढऱ्या गाडीतून नुकत्याच उतरलेल्या जोडप्याला शेखर सांगत होता, "मॅडम, इथं शांतता अशी, की पान पडलं तरी ऐकू येतं."

पुढचं काही त्याला बोलता आलं नाही, कारण तो चिखलात बसला होता. मॅडम गाडीच्या बॉनेटवर होत्या. साहेब गाडीत, काचा वर.

"ते... ते काय होतं?" मॅडमनी किंचाळून विचारलं.

दामू माळ्यावर उभा राहिला. "काय नाय मॅडम! हे रोजचं! रात्रभर चालतं! या ना र्‍हायला!" आणि पाहुणचार म्हणून त्याने दांडा आणखी दोनदा फिरवला.

गाडी गेली ती धूळ उडवत. चहा घेऊन आलेली गीताबाई सगळं बघत बांधावर उभी होती. ती आधी गालातल्या गालात हसली, मग पदर तोंडाला लावून हसली, आणि शेवटी चिखलातल्या भावाला हात देऊन बोलली, "शेखर, पार्टीला सांग, शेत इकायचं नाय!"

त्यानंतर दामूचा रुबाब काय विचारता! रोज संध्याकाळी यंत्र वाजायचं. डुकरं पलीकडच्या डोंगराला गेली. कोंडू स्वतः येऊन यंत्र मागून घेऊन गेला, ते या शेतातून त्या शेतात नवरदेवासारखं मिरवलं. पुढे एका दाण्याचीही नासाडी न होता रानकडचं भात घरात आलं. वडलांच्या तसबिरीपुढे पहिली ओंजळ ठेवताना दामूचे डोळे भरून आले. टपरीवर त्याला आता मागितल्याशिवाय चहा मिळू लागला.

मतमोजणी झाली. दामू ऐटीत बंदूक घेऊन घरी आला, तर ओट्यावर यंत्र चकाकत होतं.

"तुमच्या पिशवीत घासपेपर न् तेल तसंच पडलेलं," गीताबाई कौतुकाने बोलली. "तुमाला कुठला टाइम! दुपारभर बसून मीच घासलं. किती वरडायचं बिचारं!"

दामूने दांडा फिरवला. टोपी लोण्यासारखी फिरली. आवाज नाही. त्याने तेल पुसलं, राख टाकली, रेती टाकली. छे! यंत्र गपगार!

दुसऱ्या दिवशी तो मुरबाडला ओमकारपुढे उभा होता. "बाबा रे, बंदूक र्‍हाऊ दे खुंटीला! ही टोपी आधी वरडायची ना, अगदी तसलीच एक करून दे!"

ओमकारने यंत्र हातात घेतलं, दांडा फिरवून बघितला आणि खेदाने मान हलवली.

"नाय भेटायची, काका. तसली टोपी चुकून एकदाच जमली व्हती. ते मॉडेल आता बंद झालं!"